वाकड्या रेघांची काच

त्याला सगळे 'सावकाश' म्हणत. चाळीस वर्षं त्याने फोटो स्टुडिओ चालवला, आणि समोर बसलेल्या माणसाला त्याचा पहिला शब्द तोच असायचा: "सावकाश, हलू नका." लोक म्हणत, सावकाशकडे तान्हं मूल फोटोला न्यावं, तर फोटो निघेपर्यंत त्याला मिशी फुटते. पण फोटो असा निघायचा की बोलणाऱ्याचं तोंड बंद.

पुढे स्टुडिओ बंद केला तरी कॅमेरा त्याने सोडला नाही. मोठ्या फिल्मचा, पोटाशी धरून वरून आत डोकावायचा जुना कॅमेरा. त्याचे सुटे भाग आता कोणी बनवत नाही, मिळतात ते वापरलेलेच. म्हणून जुन्या सामानाच्या दुकानात त्याची कायम खेप असे. दुकान चालवणारी बाई वयाने त्याच्याहून लहान, तरी साऱ्या बाजाराची 'मावशी'. तिच्या कपाटात फिल्टर, भिंगांची झाकणं, चामडी पट्टे असं काय काय असे. सावकाश एकेक वस्तू कानाशी हलवून बघायचा, बुरशी लागलीय का म्हणून हुंगायचा, उजेडाशी धरायचा. मावशी म्हणायची, "साहेब, कॅमेऱ्याचा भाग घेताय की जावई शोधताय?"

या खेपेला त्याला फोकस बघायची काच हवी होती. वरून डोकावलं की जिच्यावर समोरचं चित्र उमटतं, ती काच. इमारत फोटोत तिरकी येऊ नये म्हणून तिच्यावर उभ्या-आडव्या बारीक रेघा आखलेल्या असतात. त्याच्या काचेतल्या रेघा मधोमध वाकलेल्या दिसायला लागल्या होत्या, आणि तिथेच एक राखाडी डाग. मावशीकडून दुसरी काच आणून बसवली. तिच्याही रेघा वाकड्या, डागही तिथेच.

तो तडक दुकानात गेला. "मावशी, तुमची काच वाकलीय."

मावशीने ती उजेडाशी धरली. "काच कधी वाकते का साहेब? फुटते. रेघा सरळ आहेत."

"मध्ये बघा ना, मध्ये!"

"मध्येही सरळच आहेत." एकदा विकलेली काच ती कधी परत घेत नसे, पण जुनं गिऱ्हाईक म्हणून बदलून दिली. वर ऐकवायचं मात्र सोडलं नाही. "नाचता येईना अंगण वाकडं!"

दुकानातली दोन माणसं हसली. सावकाशचे कान तापले. घरी येऊन तिसरी काच बसवली, तीही वाकडी. पुन्हा या दुकानाची पायरी चढायची नाही असा कानाला खडा लावून त्याने चौथी टपालाने मागवली. ती येईपर्यंत पहिल्या डागाला दोन महिने होऊन गेले होते.

खरं सांगायचं तर दुसऱ्या काचेच्या वेळीच त्याला शंका आली होती. त्याचा थोरला भाऊ पाच वर्षं खुर्चीत बसून आहे, माणसं पावलांच्या आवाजावरून ओळखतो. त्याचंही असंच सुरू झालं होतं. पेपरातल्या ओळी वाकड्या दिसतात म्हणून तो छापखान्याला शिव्या घालायचा. सावकाशला हे पक्कं आठवत होतं, आणि आठवत होतं म्हणूनच तो काचांमागून काचा घेत सुटला होता. काच खराब निघाली तर बदलता येते.

चौथी काच आली तेव्हा मात्र त्याने धंद्यातली जुनी युक्ती केली. डाग नेमका कुठे आहे हे कळत नसेल, तर एकेक भाग फिरवून बघायचा. ज्या भागाबरोबर डाग फिरेल, तो भाग गुन्हेगार. त्याने काच फिरवली, डाग जागेवर. वरचं छोटं भिंग फिरवलं, तरी जागेवर. पुढची लेन्स काढूनच ठेवली. डाग होताच. शेवटी कॅमेरा बाजूला सारून, डावा डोळा मिटून त्याने समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. डाग भिंतीवर होता. त्याने मान डावीकडे वळवली, डाग डावीकडे गेला. उजवीकडे वळवली, डाग उजवीकडे आला.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

आठवडाभर तो कोणाला काही बोलला नाही. डोळ्यांच्या दवाखान्याच्या जिन्यापर्यंत दोनदा गेला, दोनदा परत आला. भावाचा फोन वाजला की बाथरूममध्ये शिरायचा. तिथेच आरशासमोर एकेक डोळा मिटून बघायचा, डाग वाढला का. रोज वाटायचं, वाढला.

एका दुपारी बायको समोर बसून मटार सोलत होती. तिचं लक्ष नाही असं बघून त्याने डावा डोळा मिटला. ती नेमकी तेव्हाच मान वर करून हसली. "अहो, या वयात डोळा मारताय?"

एरवी त्याने फिरकी परतवली असती. आज तो म्हणाला, "अगं, तुझं तोंड दिसत नाहीये मला. कान दिसतात, केस दिसतात. तोंडाच्या जागी काहीच नाही."

बायकोने मटार तसेच टाकले आणि त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "काका, किती दिवसांपासून?"

"आठ दिवस," सावकाश म्हणाला.

"खोटं बोलतायत," बायको म्हणाली. "चार काचा झाल्या. दोन महिने."

डॉक्टरीणबाईंना काचांचं समजावून सांगावं लागलं. मग डोळे तपासून त्या म्हणाल्या, "उजव्या डोळ्याचं गेलं ते बहुतेक गेलं. इंजेक्शनं देऊन पुढचं थोपवून धरू. सुरुवातीलाच आला असता तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "डावा आज ठीक आहे, पण त्यालाही होऊ शकतं. रोज सकाळी उजवा झाकायचा आणि एखादी सरळ वस्तू बघायची. दाराची चौकट, खिडकीचे गज, काहीही. वाकडं दिसलं तर त्याच दिवशी यायचं. उद्या बघू म्हणायचं नाही."

आता रोज उजाडलं की त्याचा जीव टांगणीला लागतो. डोळे उघडायलाच तो भितो. बायको त्याला खिडकीसमोर उभं करते आणि कोपर धरून शेजारी थांबते. तो उजवा डोळा तळहाताने झाकतो, एकेक गज वरपासून खालपर्यंत बघतो आणि "सरळ आहेत" म्हणतो. मग ती चहा टाकायला जाते.

परवा त्याला उत्तर द्यायला वेळ लागला.

"काय हो?" तिने विचारलं.

"थांब. नीट बघू दे."

तिची नखं त्याच्या कोपरात रुतली. बाहेर कोणीतरी गाडी पुसत होतं, बादलीचा आवाज येत होता.

"सरळ आहेत," तो म्हणाला.

तिने कोपर सोडलं नाही. "परत बघा," ती म्हणाली.