सहाशे फूट वर

मीरा, ईशान,

परवा फोनवर मीरा म्हणाली, "आजी, नवी गाडी सगळं स्वतःच करते, मी नुसती बसते." तेव्हापासून मला तुमच्या कॅप्टनआजोबांची सारखी आठवण येते आहे. तुम्ही त्यांना फक्त फोटोत पाहिलंत. ते माझे धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. नारायणगुड्याच्या घरात खाली आम्ही राहायचो, वर ते. फोनवर उपदेश करण्यापेक्षा त्यांची हकिकत लिहून पाठवावी, असं ठरवलं.

भाऊजींचा हात विलक्षण हलका होता. मांडीवर पातेलंभर कढी घेऊन मी त्यांच्या गाडीतून अंबरपेठहून घरापर्यंत आले आहे; पदरावर थेंब उडाला नाही. विमानही ते तसंच चालवत. "वहिनी, प्रवाशाच्या पोटातलं पाणी हलता कामा नये," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. विमान ठरलेल्या उंचीला पोचून वर जायचं थांबायच्या थोडं आधी ते हळूच त्याची चढण कमी करत, म्हणजे मागे कुणाला थांबलेलं कळतही नसे. ह्या सवयीचा त्यांना अभिमान होता.

नव्वदनंतर खाजगी विमान कंपन्या सुरू झाल्या. भाऊजींनी पेन्शनची नोकरी सोडली आणि एका नव्या कंपनीत गेले, कारण तिथे नवी, संगणकाची विमानं होती. काही आठवड्यांचं प्रशिक्षण झालं आणि ते कॅप्टन म्हणून उडू लागले. जेवताना थट्टा करायचे, "ह्याला पायलट नको वहिनी, कारकून पाहिजे. बटण दाबायचं, अन् समोर काय अक्षरं उमटली ते वाचायचं."

एके दिवशी दुपारी ते गणवेशातच आमच्याकडे आले. जाऊबाई नांदेडला माहेरी गेल्या होत्या. मी ताट वाढलं, त्यांनी ते बाजूला सारलं.

"तुमची लाल पेन्सिल आणा. इंग्रजीत रिपोर्ट लिहायचाय. पाचच्या आत द्यायचाय."

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे त्यांची पत्रं तपासणं माझ्याकडेच असे. पण अशी घाई त्यांनी कधी केली नव्हती.

झालं होतं ते असं. सकाळी बेगमपेठच्या विमानतळावरून निघाल्यावर त्यांना नियंत्रण कक्षाकडून चोवीस हजार फुटांवर थांबायचा हुकूम होता. तो आकडा त्यांनी विमान आपोआप चालवणाऱ्या यंत्राला दिला होता. उंची जवळ आली, तसं यंत्र आपणहून थांबायच्या तयारीला लागलं. नेमक्या त्या काही सेकंदांत भाऊजींनी जुन्या सवयीने चढण कमी करायचं चाक हलकेच फिरवलं. जुन्या विमानात त्याने फक्त चढण कमी व्हायची, थांबवायचं काम पायलटचंच असे. ह्या विमानाने चाक फिरवणं हा नवा हुकूम मानला आणि थांबण्याचा जुना हुकूम सोडून दिला. समोरची अक्षरं बदलली. भाऊजींनी ती वाचली नाहीत. विमान सावकाश वर जात राहिलं.

"शेजारच्या खुर्चीतली श्रीलता ओरडली, 'सर, अल्टिट्यूड!' मला वाटलं, थांबतंय की आता. दुसऱ्यांदा ओरडली तेव्हा बघितलं. सहाशे फूट वर गेलो होतो."

"आणि वर?"

"वर, आमच्या ठरलेल्या उंचीच्या हजार फूट वर, समोरून दुसरं विमान येत होतं. त्याचं पोट दिसलं मला, वहिनी."

त्यांनी विमान खाली दाबलं. मागे सगळ्यांचा चहा सांडला. इजा कुणालाही झाली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीतले साहेब इतक्या मोठ्याने बोलत होते की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. "नई छोकरी है कॅप्टन साब, उसका हात लग गया बोलके लिख देव. उसको खाली समझा के छोड देंगे. आपका तो सब जाता."

"हौ साब, सुना मैं," एवढंच म्हणून भाऊजींनी फोन ठेवला.

श्रीलता सहवैमानिक होती, सिकंदराबादच्या रेल्वे गार्डची मुलगी. नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते. साहेब नुसतं समजावून सोडू म्हणाले, तरी असा शेरा बसला असता तर तिला पुढे कुणी उडू दिलं नसतं. हे मला कळत होतं. भाऊजींचं कॅप्टनपद जाईल हेही कळत होतं. मी म्हटलं, "तिचं नाव नको. पण जोराचा वारा आला, त्याने विमान वर गेलं, असं लिहिलं तर? मी नीट लिहून देते."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "आज आभाळ स्वच्छ होतं. तिलाही सही करायचीय ह्याच्यावर. चार महिन्यांच्या नोकरीत तिला खोट्यावर सही करायला लावू? तुम्ही शाळेत हेच शिकवता काय?"

मी कोरा कागद पुढे ओढला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. चाक मी फिरवलं. अक्षरं मी वाचली नाहीत. सहवैमानिकाने दोनदा सावध केलं. पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते काय करतंय हे मला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. पाचला दहा मिनिटं असताना ते कागद घेऊन गेले.

त्यांचं कॅप्टनपद गेलं. सहा महिने ते उजव्या, सहवैमानिकाच्या खुर्चीत बसले, जुन्या नोकरीत त्यांनीच शिकवलेल्या माणसांच्या हाताखाली. "पोटातलं पाणी" हे वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही. पुढे त्यांना नव्या पायलटांना शिकवायला बसवलं. दर तुकडीला पहिला धडा ते आपल्याच चुकीचा द्यायचे, हसत नसत आणि रडतही नसत.

भाऊजींना जाऊन नऊ वर्षं झाली. ती कंपनी त्याच्याही आधी बंद पडली. श्रीलता आता स्वतः कॅप्टन आहे, आणि अजून उडते.