ओलं गोणपाट

कॉलेजच्या सिमेंटच्या बास्केटबॉल मैदानावर धुळीने बूट घसरतात. म्हणून नेवाशाहून एसटीने येणारी आमची कॅप्टन ओलं गोणपाट आणायची आणि त्यावर फक्त स्वतःचे बूट पुसायची. खेळतानाही तिचा एकच शब्द असे, "मला!" बहुतेक गुण तीच मिळवायची, म्हणून कुणी बोलत नसे.

उपांत्य सामन्यात आम्ही एका गुणाने मागे होतो. शेवटच्या क्षणी तिघींनी तिला घेरलं, तेव्हा तिने चेंडू माझ्याकडे दिला. माझा पाय घसरला, नेम चुकला. आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी तिने गोणपाट माझ्यापुढे अंथरलं.

"काल तू घसरलीस. पूस."

"पुढच्या वेळी मला देऊ नकोस गं."

"देनार. लई बोलू नको."

मग तिने सगळ्यांना बोलावलं. स्वतःचे बूट शेवटी पुसले.