दोन सूत वाकडं

आमच्या घरात सुनेला कुणी 'नाही' म्हणत नाही. 'जा की' म्हणतात, आणि मग 'पण' म्हणतात. लग्न झाल्यापासूनच्या प्रत्येक आखाजीला मी त्या 'पण'पाशी अडकलेली आहे.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे खानदेशाबाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्याकडे एकवेळ दिवाळी चुकली तर चालेल, पण आखाजीला सासुरवाशीण माहेरी गेलीच पाहिजे. तिला न्यायला बाप नाहीतर भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. माझं माहेर दोंडाईचा आणि सासर जळगावच्या बाहेर, हायवेला लागून. सासरचा धंदा काय, तर लग्नाचं लॉन! आणि मुहूर्त न बघता लग्न लावता येतं असा दिवस कोणता? आखाजी! म्हणजे ज्या दिवशी बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, पोरी माहेरी झोके घेतात, त्या दिवशी आमच्या दारात वऱ्हाड. सोयरीक जमवताना मुलाची शेती, घर, स्वभाव सगळं पाहिलं, पण हे काही कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही. मला वाटलं होतं, लॉन म्हणजे काय, हिरवळीवर खुर्ची टाकून चहा प्यायचा.

ती हिरवळ कापायला आमच्याकडे बसून चालवायचं मशीन आहे. दिसायला छोटा ट्रॅक्टरच. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून उचलून आणलं. त्याच्या पोटाखाली मोठी लोखंडी थाळी उपडी टांगलेली असते. आम्ही तिला परात म्हणतो. परातीच्या आत दोन पाती फिरतात. परात सरळ टांगलेली असेल तर गवत एकसारखं कापलं जातं. एका अंगाला ती दोन सूत जरी खाली गेली, तरी लॉनवर पट्टे उठतात, एक पट्टा उंच, एक खरवडलेला. सूत हे मिस्तरी लोकांचं माप, इंचाचा आठवा हिस्सा. माझं आयुष्य या दोन सुतात अडकलं, असं म्हटलं तर लोक हसतात. हसू दे.

माझे वडील, आप्पा, दोंडाईच्याला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानात बसायची आणि मागतील तो पाना हातात द्यायची. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात लॉनवर पट्टे उठले आणि घरातले सगळे पुरुष मशीनभोवती उभे राहून ड्रायव्हरला शिव्या घालत होते. "नाचता येईना, अंगण वाकडं!" आबा त्याला म्हणाले. मी चहा घेऊन गेले होते. चहा ठेवून मागे फिरले असते तर काय बिघडलं असतं? पण जिभेला हाड नाही. मी म्हणाले, "आबा, अंगण नाही, परात वाकडी आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी साडी खोचली, आडवी झाले आणि परात सरळ करून दिली. त्या दिवशी माझं इतकं कौतुक झालं, इतकं झालं, की मी हुरळून गेले. कौतुकानं दार बाहेरून बंद होतं, हे नव्या नवरीला कोण सांगणार?

तेव्हापासून काही झालं की "सूनबाईंना बोलवा." काम तसं अवघड नाही, पण चिकट आहे. मशीन सपाट फरशीवर घ्यायचं. प्लगची वायर काढून ठेवायची, नाहीतर पातं फिरलं तर बोटं गेलीच म्हणून समजा. मग आडवं पडून पातं हातानं आडवं फिरवायचं आणि टोकापासून फरशीपर्यंत पट्टीनं मोजायचं, आधी डावीकडे, मग उजवीकडे. परात ज्या सळईला टांगलेली असते तिचा नट फिरवून दोन्ही अंतरं जुळवायची. मग पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित खाली ठेवायची. डावी जुळवली की उजवी हलते, उजवी धरली की पुढची सुटते. तुमचे फक्त पाय मशीनच्या बाहेर असतात. लोक तुमच्या पायांशी बोलतात. "सूनबाई, आचारी आलाय." "अगं, माझा डबा?" आणि तुम्हाला त्यांच्या चपला तेवढ्या दिसतात. मी घरातल्या सगळ्यांना चपलांवरून ओळखते. सासूबाई रागावल्या की अंगठे वर करतात.

बरं, एकदा सरळ केली की वर्षभर राहावी ना! छे! आठवड्यात पुन्हा वाकडी. मी पुन्हा खाली. दरवर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी आप्पा मुऱ्हाळी म्हणून यायचे, आणि दरवर्षी मी परातीखाली असायची. आबा त्यांना खुर्ची द्यायचे, थंड पाणी द्यायचे, आणि म्हणायचे, "न्या की. तिचंच घर आहे ते. पण उद्याचं लॉन तेवढं सरळ झालं की." सुरत लाइनची संध्याकाळची गाडी निघून जायची वेळ आली की आप्पा उठायचे. माझ्या पायांपाशी वाकून म्हणायचे, "कर बेटा, तुनं काम कर." आवाजात अभिमान असायचा. पोरगी मशीन सांभाळते! त्या अभिमानाचाच मला संताप यायचा. ओढून बाहेर काढा ना मला, असं ओरडावंसं वाटायचं. आप्पा एकटेच परत जायचे.

दिवाळीनंतर आप्पा गेले.

आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर डांगर ठेवायचं, म्हणजे खरबूज, शेजारी आंबा, सांजोरी. गेलेल्या माणसाची पहिली घागर घरातल्या सगळ्यांनी मिळून भरायची असते. मला भाऊ नाही. चुलतभाऊ घागर भरणार होता, पण आप्पांची पोर म्हणून मीच एक. होळीपासूनच मी घरात सांगायला लागले की यंदा मी जाणार. नवऱ्याला सांगितलं. सासूबाईंना सांगितलं. आबांना दोनदा सांगितलं. सगळे म्हणाले, "जा की!" त्या वेळी कुणी 'पण' म्हणालं नाही. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

आदल्या दिवशी सकाळी मशीन फिरलं आणि लॉनवर पट्टे. मी पाना घेऊन खाली गेले. म्हटलं, तासाभरात उरकते, दुपारी पिशवी भरते. डावी बाजू खाली आलेली. वर घ्यायला नट फिरवला, आणि तो फिरेचना. आटे संपले होते. इतकी वर्षं मी डावी बाजू वर वर घेत आले होते, आता घ्यायला जागाच उरली नव्हती. मी तशीच पडून राहिले. परातीच्या आत वाळलेल्या गवताचा आणि ऑइलचा वास असतो. त्या वासानं मला एकाएकी गुदमरायला झालं. वाटलं, आता मी इथून कधीच बाहेर पडणार नाही, इथंच म्हातारी होणार, आणि लोक माझ्या पायांना हळदी-कुंकू लावून जाणार.

तेवढ्यात ओळखीच्या चपला दिसल्या. पण या घरातल्या नव्हत्या. पट्टा तुटलेला, दोऱ्यानं शिवलेला. आई होती.

"तुले लेवाले मीच उनू," ती म्हणाली.

आई आयुष्यात एकटी रेल्वेत बसली नव्हती. बाई कधी मुऱ्हाळी म्हणून येत नाही, तेही आदल्या वर्षी कुंकू गेलेली बाई. पण ती आली होती, हातात आप्पांची पिशवी घेऊन. मी बाहेर आले, काळ्या हातांनीच तिला मिठी मारणार होते, पण आबा आले.

"या अक्का, बसा," आबा म्हणाले. "न्या तिला, न्या. पण..."

पुढचं मला पाठ होतं. आईनं खुर्ची घेतली नाही. ती मशीनच्या चाकाला टेकून जमिनीवर बसली.

मी पुन्हा विचार करायला लागले. आटे संपतीलच कसे? परात तीच, सळई तीच. मग मशीनच एका अंगाला झुकलेलं असणार! डावं मागचं चाक पाहिलं. दबलेलं. हवा कमी असेल म्हणून व्हॉल्व्हची पिन दाबली, तर हवेऐवजी पाण्याची चिळकांडी तोंडावर! चूल मांडायला आलेला आचारी खो खो हसला. मी तोंड पुसून विचारलं, "टायरमध्ये पाणी कुणी भरलं?"

"मीच भरून घेतलं होतं," आबा म्हणाले. अगदी सहज. "ओल्या गवतावर चाक घसरायचं. शेतातल्या ट्रॅक्टरला नाही भरत आपण? वजन येतं, पकड येते."

शेतातल्या ट्रॅक्टरला भरतात, खरं आहे. नांगराला जोर लागतो म्हणून. पण हे बिचारं गवत कापायचं मशीन! मी विचारलं, "आणि दुसऱ्या चाकात?"

"त्याच्यात बाभळीचा काटा गेला होता. मग पंक्चरवाल्यानं नुसती हवा भरून दिली."

एका चाकात हवा, एका चाकात पाणी. पाणी थेंब थेंब झिरपणार, चाक दबणार, मशीन झुकणार, मी परात सरळ करणार, ते पुन्हा झुकणार. परात कधी वाकडी नव्हतीच! मी वर्षानुवर्षं सरळ परात वाकडी टांगत होते, वाकड्या मशीनला जुळावी म्हणून. मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना.

"पाणी काढावं लागेल," मी म्हणाले. "पंक्चरवाल्याला बोलवा."

पंक्चरवाला त्याच्या बहिणीला आणायला दोंडाईच्याच्याही पुढे गेला होता. आखाजी होती ना! जगात सगळ्यांना आखाजी होती.

"मग अजून थोडा नट फिरवून बघ," नवरा म्हणाला. "एवढं कर ना. वऱ्हाड काय म्हणेल?"

"अक्का, मी कुठं अडवलंय?" आबा आईला म्हणाले. "पण उद्या लॉन असं दिसलं तर नाव कुणाचं जाईल, तुम्हीच सांगा."

आई उठली. पदर सारखा केला. माझी आई आबांच्या समोर कधी मान वर करून बोलली नव्हती. ती हळूच बोलली, पण आचाऱ्यानंही ऐकलं.

"आबा, आम्ही तुमले पोर दिन्ही व्हती. मिस्तरी नही."

 आबा लॉनकडे बघत राहिले. ते वाईट माणूस नाहीत, हे मी आजही म्हणते. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी मला कधी अडवलं नाही. मग म्हणाले, "जा, बाई," आणि आत गेले. त्या वाक्यात 'पण' नव्हता. मी वाट पाहिली, पण तो आला नाही.

मी पाना नवऱ्याच्या हातात दिला. "तू हो आडवा," म्हटलं. त्यानं पाना असा धरला होता, जसं काही मी त्याच्या हातात साप दिलाय. मी साबणानं हात धुतले, नखं तशीच काळी राहिली, आणि पिशवीत दोन साड्या कोंबून आईबरोबर स्टेशनला गेले. गाडीत खिडकीपाशी बसले. अमळनेर येईपर्यंत मला वाटत होतं, कुणीतरी फोन करून उतरवून घेईल.

दुसऱ्या दिवशी आप्पांची घागर भरली. डांगर मी ठेवलं. शेजारच्या पोरी झोक्यावर गात होत्या. आई घागरीसमोर बसून राहिली, आणि मी तिच्या शेजारी. तिथं माझ्याकडे कुणाचं काही काम नव्हतं. नुसतं बसायचं होतं, आणि मला ते येतच नव्हतं. माझं अर्धं लक्ष लॉनकडे. गवत कापलं असेल का? किती वाकडं? आबांना लोक काय बोलले असतील?

संध्याकाळी जावेनं लग्नाचे फोटो पाठवले. मी नवरी पाहिली नाही, नवरदेव पाहिला नाही. बोटांनी फोटो मोठा करून गवत शोधत होते. गवत दिसेना. सगळीकडे माणसं. खुर्च्या, जेवणाची टेबलं, आहेराच्या पिशव्या. मधोमध मांडवापासून गेटपर्यंत लाल मॅटिंग अंथरलेलं. अर्धं लॉन त्याच्याखालीच. दरवर्षी अंथरत असणार. मला कुठून माहीत? लग्न सुरू झालं की मी भटारखान्यात असायची. शेवटी एका फोटोच्या कोपऱ्यात गवत सापडलं, एका मुलीच्या सँडलजवळ. वाकडंतिकडं, पट्ट्यापट्ट्यांचं. मी तो फोटो आईपुढे धरला.

"कितलं वाकडं शे बघ."

आईनं चष्मा पुढे-मागे केला. "कोठे शे वाकडं? माले ते काही दिसत नही."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "अगं, कसलं टेन्शन घेत होतो आपण! लॉन पार वाकडं कापलं गेलं, तरी कुणी एक शब्द बोललं नाही. कुणी खाली बघतच नाही गं! आबा म्हणतात, एवढी वर्षं उगाच."

तो मला चांगली बातमी सांगत होता. मी बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि आप्पांच्या घागरीसमोर तोंडात पदर कोंबून इतकी रडले की झोक्यावरच्या पोरी गाणं थांबवून बघायला लागल्या. आईला वाटलं, आप्पांसाठी रडते आहे. मी तिला काही सांगितलं नाही.