जंतूंचा जांभळा रंग

वलवणची सारिका बारा वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धूत होती. एकदा धरणाकाठच्या मातीचा नमुना ठेवलेल्या बशीत तिला गडद जांभळा ठिपका दिसला. तो जंतूंचा होता. "याने कापड रंगेल का?" तिने प्रयोगशाळेतल्या सरांना विचारलं. सर हसले, पण काम संपल्यावर प्रयोग करायची परवानगी त्यांनी दिली. दोन वर्षं कापडावर नुसते डाग पडत राहिले. शेवटी रेशमावर रंग बसला आणि धुऊनही टिकला.

लोणावळ्यातल्या एका दुकानदाराला तिने रंगवलेले रेशमी रुमाल फार आवडले. "फक्त चिठ्ठीवर 'जांभळाचा रंग' लिहा," तो म्हणाला. "जंतू म्हटलं की गिऱ्हाईक हात लावणार नाही."

"यात जांभूळ औषधालाही नाही. ज्यांनी रंग दिला त्यांचंच नाव लागेल."

"मग विकले जाणार नाहीत."

"नाही तर नाही," म्हणत सारिकाने गाठोडं बांधलं.

रविवारी ती आईला, मुक्ताबाईंना, घेऊन कार्ल्याच्या रस्त्याकडेला बसली. पुढ्यातल्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : मातीतल्या जंतूंचा रंग. लोक वाचून हसत पुढे जात होते.

"लय मोठं लिवलंस बाई," मुक्ताबाई पुटपुटल्या.

"अजून मोठं लिहायला हवं होतं."

तेवढ्यात बसमधून उतरलेल्या एका म्हातारीने रुमाल उचलला. "अंगावर चढत्याल का गं हे?"

"उकळून मेलेत, मावशी. रंग तेवढा उरलाय."

म्हातारीने रुमाल उन्हात धरून निरखला आणि खांद्यावर टाकला.

संध्याकाळपर्यंत तीनच रुमाल गेले. पुढच्या रविवारी सारिका पुन्हा तिथेच बसली.