टेकडीपलीकडची घोडी

ओटावातल्या आंबेडकर असोसिएशनच्या कार्यक्रमांत उल्हास मेश्राम न सांगता खुर्च्या मांडायचा, माइक जोडायचा आणि त्रिसरण-पंचशील सुरू झालं की हात जोडून पुढच्या रांगेत उभा राहायचा. मूळचा नागपूरचा. कनाटा या उपनगरातल्या एका टेलिकॉम कंपनीत टेस्टिंग इंजिनियर. आवाज चढवून बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं. त्यामुळे हा माणूस शनिवारी रायफल चालवायला जातो हे कळलं तेव्हा पुष्कळांना ती थट्टाच वाटली.

आणि रायफलही साधी नव्हे. पन्नास कॅलिबरची, एकट्याने शेतभर उचलून नेली तर खांदा भरून येईल एवढी जड. तिचं काडतूस हाताच्या पंजाएवढं लांब. उल्हासचे वडील शंकरराव अंबाझरीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आयुष्यभर काडतुसांची पितळी कवचं तपासत होते. फोनवर मुलाने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आम्ही लाखांनी बनवली, पण एकही फुटताना जवळून ऐकली नाही. कशी वाजते रे? उल्हास म्हणाला, बाबा, ती कानांनी नाही, छातीनेच ऐकू येते.

हा नाद लावला वेनने. वेन त्याच्याच लॅबमधला. त्याचं वडिलोपार्जित शेत आल्मॉन्टच्या पलीकडे, लॅनार्कच्या वाटेवर होतं. तिथे गवत पिकायचं. शेताच्या एका टोकाला उभं राहिलं की मधे खोलगट कुरण आणि समोर सव्वा किलोमीटरवर टेकडीचा उतार. त्या उतारावर वेनने पांढरी रंगवलेली पोलादी पाटी टांगली होती. तिसरा मित्र रोजे, नदीपलीकडच्या गॅटिनोहून यायचा, अर्धं इंग्लिश, अर्धं फ्रेंच बोलायचा. उल्हासने सेफ्टी कोर्स केला, लायसन्स काढलं, आणि तिघांनी मिळून ती रायफल घेतली. ती वेनच्या घरी तिजोरीत असायची.

उल्हासला त्यात खरं सुख मिळायचं. चटईवर पालथं पडायचं. दुसऱ्याने दुर्बिणीतून गवताची लवलव पाहून वारा सांगायचा. उल्हास मनातल्या मनात हिशेब करायचा, श्वास सोडायचा, आणि श्वास संपतो त्या रिकाम्या जागेत बोट हळूच मागे घ्यायचा. धुळीचा लोट उठायचा, गालावर हवेची चपराक बसायची. मग वाट पाहायची. पाटीला लागली असेल तर बऱ्याच वेळाने दुरून ठण्ण असा बारीक आवाज परत यायचा. असोसिएशनमधल्या एकाने विचारलं होतं, पाणातिपाता वेरमणी म्हणता आणि बंदूक चालवता? उल्हास हसून म्हणाला होता, आम्ही लोखंडाला मारतो, जिवाला नाही.

वेनचा एक नियम मात्र कडक होता. जमीन गोठली की नेमबाजी बंद. मऊ मातीत गोळी रुतते. गोठलेल्या जमिनीवरून किंवा उघड्या खडकावरून ती उसळते, आणि मग कुठे जाईल ते कुणीच सांगू शकत नाही.

२००८ च्या नोव्हेंबरातला तो शनिवार. हरणांच्या शिकारीचे दिवस चालू होते, आसपासच्या रानात अधूनमधून बार ऐकू यायचे. दोन रात्री कडक गारठा पडला होता. तिघांनी रायफल मांडली आणि ते ऊन पडायची वाट पाहत बसले. ऊन पडलंच नाही. दुपारी वेनने बुटाची टाच जमिनीवर आपटली, ती सिमेंटवर आपटल्यासारखी वाजली. तो म्हणाला, आता हे वसंतातच. मी पुढे होऊन स्टोव्ह पेटवतो, तुम्ही आवरून या. आणि तो पिकअपमधून घराकडे गेला.

उल्हासने आठवडाभर या दिवसाची वाट पाहिली होती. ऑफिसात माणसं कमी करायची कुजबुज चालू होती, डोकं भणभणत होतं. एकही गोळी न मारता घरी जायचं त्याच्या जिवावर आलं. रोजे दुर्बीण पेटीत ठेवत होता. उल्हास म्हणाला, एकच मारतो. रोजेने खांदे उडवले आणि दुर्बीण पुन्हा बाहेर काढली.

त्या दिवशी उल्हासचा श्वास जागेवर नव्हता. गोळी पाटीच्या खाली गेली. तिथे उताराला एक करडा खडक उघडा होता, त्यावर ठिणगी उडाली आणि शिट्टीसारखा लांबत जाणारा आवाज टेकडीवरून पलीकडे गेला. रोजे म्हणाला, ‘पेर्द्यू.’ हरवली. दोघेही हसले.

घरात गेल्यावर वेनने विचारलं, मघाशी बार कसला झाला? उल्हास कॉफीचा कप हातात घेत म्हणाला, जवळच्या वाळूच्या ढिगाऱ्यात एक मारली. तो ढिगारा नेम जुळवण्यासाठीच होता, तिथे धोका नव्हता. वेनला बरं वाटलं. रोजे स्टोव्हपाशी हात शेकत राहिला.

सोमवारी लॅबमध्ये वेन उशिरा आला. त्याचा चेहरा उतरलेला होता. टेकडीपलीकडे डोरीन नावाची म्हातारी बाई राहायची. नवरा जाऊन दोन-तीन वर्षं झालेली. तिच्याकडे बेस नावाची एक अवजड, थोराड घोडी होती. वसंतात मेपलच्या झाडांचा गोड रस गोळा करायची घसरगाडी डोरीनचा नवरा तिच्याकडूनच ओढून घ्यायचा, आणि तो गेल्यावरही डोरीनने ते चालू ठेवलं होतं. शनिवारी दुपारी कुठूनशी गोळी आली, तबेल्याची फळी चिरफाळून आत घुसली आणि घोडीचा पुढचा पाय खांद्यापाशी मोडला. गोळीचा चेपलेला तुकडा तेवढा सापडला होता, त्यावरून बंदूक ओळखता येत नव्हती. जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत डोरीन तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरने सुई देऊन घोडीला कायमचं शांत केलं.

‘पोलीस माझ्याकडेही आले होते,’ वेन म्हणाला. ‘मी सांगितलं, आमची एकच गोळी उडाली आणि ती वाळूत आहे.’

उल्हास म्हणाला, फार वाईट झालं. एवढंच. आणि तो ओसिलोस्कोपकडे वळला. आत्ता सांगायला हवं, हे त्याला त्या क्षणी पुरतं कळत होतं. पण आत्ता सांगितलं तर वेन पोलिसांशी खोटं बोलला असं होईल, असा एक विचार आला आणि त्या विचाराच्या आडोशाला तो लपला. दुपारी पार्किंगमध्ये जाऊन त्याने रोजेला फोन केला. रोजे म्हणाला, कशावरून ती आपलीच? शिकारीचे दिवस आहेत, रानात शंभर बंदुका आहेत. गप्प राहा.

उल्हास गप्प राहिला. सगळा हिवाळा तो ड्राइव्हवेमधला बर्फ शोव्हलने उपसत राहिला, स्वतःचा झाला की शेजाऱ्याचाही. असोसिएशनच्या कार्यक्रमात आता तो मागे, चहाच्या टेबलापाशी राहायचा. पंचशील म्हणताना जीवहत्या न करण्याचं पहिलं शील यायचं तेव्हा त्याचे ओठ मिटायचे, आणि खोटं न बोलण्याचं चौथं यायचं तेव्हा तो थर्मास उचलून किचनमध्ये जायचा. बायको शीलाने दोनदा विचारलं, तब्येत बरी नाही का? तो म्हणायचा, ऑफिसचं टेन्शन आहे. तेही खोटं होतं, कारण नोकरी वाचली होती.

फेब्रुवारीत वेनने लाकडं फोडायला बोलावलं. टाळता येत असूनही उल्हास गेला. ते दोघे अंगणात असताना एक साठीचा माणूस गवताच्या गठ्ठ्यांसाठी आला. उंच, वाकलेला, हातमोजे फाटलेले. वेनने ओळख करून दिली: हा लॉर्न, डोरीनचा दीर.

वेन ट्रॅक्टर काढायला गेला. लॉर्न फोडलेल्या लाकडांकडे बघत उभा होता. काहीतरी बोलायचं म्हणून उल्हासने विचारलं, यंदा शिकार कशी झाली?

‘मी रायफल विकून टाकली,’ लॉर्न म्हणाला. मग थोड्या वेळाने, विचारलेलं नसताना, ‘डोरीनची घोडी माझ्या हातून मेली. हरणावर बार टाकला होता, चुकला. तबेला त्याच बाजूला होता. मला आधी वाटलं होतं की मधे झाडी दाट आहे. पण दुसरं कोण असणार? मी जाऊन तिला सांगून आलो. ती माझ्याशी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्या घोडीला भावाने शिंगरू असताना आणलं होतं.’

उल्हासच्या हातात कुऱ्हाड होती. ती त्याने ओंडक्यावर टेकवली. तोंड उघडलं, पण तेवढ्यात ट्रॅक्टर आला. तिघांनी मिळून गठ्ठे चढवले. लॉर्नने उल्हासचा हात हातात घेऊन आभार मानले आणि तो निघून गेला.

घरी येऊन उल्हास जेवायला बसला. मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. शीलाने पोळी वाढली आणि तो अर्धी खाऊन थांबला. मग त्याने सगळं सांगितलं, खडकावरच्या ठिणगीपासून लॉर्नच्या हस्तांदोलनापर्यंत. शीला ताट बाजूला सारून ऐकत राहिली.

‘ज्याने मारली नाही तो शिक्षा भोगतोय,’ ती शेवटी म्हणाली, ‘आणि ज्याने मारली तो इथे पोळी खातोय.’

‘पोलीस केस होईल. वेन अडकेल.’

‘होऊ द्या. मी येते सोबत. पण बोलायचं तुम्हीच.’

तरीही जायला मार्च उजाडला. रोज तो उद्यावर ढकलायचा, आणि शीला फक्त बघायची. शेवटी एका रविवारी तोच म्हणाला, चल. डोरीनच्या घरापाशी पोचले तेव्हा बर्फ विरघळायला लागला होता, झाडांना रसाच्या बादल्या लटकवलेल्या होत्या. डोरीन मुलांच्या प्लास्टिकच्या घसरगाडीवर दोन बादल्या ठेवून ती दोरीने ओढत येत होती. रस हिंदकळून सांडत होता. उल्हास मदतीला पुढे झाला तेव्हा तिने नको म्हटलं आणि कोण तुम्ही असं विचारलं.

त्याने तिथेच, उभ्याउभ्या सांगितलं. आपण कोण, गोळी कुणाची, खडकावरून कशी उसळली, आणि नंतर वेनशी आपण काय खोटं बोललो. इंग्लिश बोलताना तो कधी अडखळायचा नाही, पण त्या दिवशी साधे शब्द सापडेनात. डोरीनने मधे एकदाही थांबवलं नाही. त्याचं संपल्यावर ती शीलाकडे बघून म्हणाली, आत या.

आत तिने चहा विचारला नाही. भिंतीवरचा फोन उचलला, नंबर फिरवला आणि पलीकडून कुणी बोलण्याआधीच तो उल्हासच्या हातात दिला.

‘लॉर्न आहे,’ ती म्हणाली. ‘मी नाही सांगणार. तू सांग.’

उल्हासने सांगितलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तिघं किचनमध्ये बसून राहिली. थोड्याच वेळात बाहेर पिकअप थांबला. लॉर्न दारातच उभा राहिला, बूटही काढले नाहीत.

‘त्या दिवशी अंगणात मी तुझा हात हातात घेऊन आभार मानले,’ तो म्हणाला.

उल्हासने मान हलवली.

‘चार महिने मी ते माझं समजून जगलो. चर्चमध्ये उभं राहून सांगितलं मी. आता तू म्हणतोस ते माझं नव्हतंच.’ तो डोरीनकडे वळला. ‘मला हे आनंदाचं वाटायला हवं, नाही का?’

डोरीन उठली आणि तिने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तेव्हा शीलाने उल्हासच्या दंडाला हात लावला आणि दोघं बाहेर पडली. गाडीत बसल्यावर आपल्याला हलकं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं काही झालं नाही. लॉर्नचे ते चिखलाचे बूट डोळ्यांपुढून हलेनात.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः पोलिसांकडे गेला, पण आधी वेनला सांगितलं. वेन ओरडला नाही. एवढंच म्हणाला, माझ्या तोंडून तू पोलिसांना खोटं सांगितलंस, आणि सगळा हिवाळा माझ्या टेबलावर जेवलास. लॅबमध्ये त्यानंतर तो फक्त कामापुरतं बोलायचा. रोजेने फोन घेणंच बंद केलं. तबेल्यात सापडलेला तुकडा त्याच रायफलच्या गोळीचा निघाला, आणि कोर्टात उल्हासने गुन्हा कबूल केला. जजने निष्काळजीपणाबद्दल दंड केला आणि तीन वर्षं बंदुकीला हात लावायची बंदी घातली. डोरीनला त्याने दुसरी घोडी आणून देऊ का असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, बेस ही बादली नव्हती, फुटली तर दुसरी आणायला. तो पुन्हा ते बोलला नाही. दर वसंतात तो रस गोळा करायला येऊ का असं विचारायचा. पहिल्या वर्षी ती नाही म्हणाली, दुसऱ्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी म्हणाली, मी आता छोटा ट्रॅक्टर घेतलाय.

२०१२ च्या उन्हाळ्यात शीलाच्या आग्रहाने तो एका खेड्यातल्या जत्रेला गेला. तिथे थोराड घोड्यांची वजन ओढायची स्पर्धा चालू होती. कठड्याला टेकून लॉर्न उभा होता. आणखी वाकलेला. उल्हास मागे फिरणार तोच लॉर्नने त्याला पाहिलं. क्षणभर तो बघत राहिला, मग कठड्यावरून थोडा सरकला. उल्हास त्या जागेत जाऊन उभा राहिला.

‘बंदी संपली असेल तुझी,’ लॉर्न म्हणाला.

‘संपली. लायसन्ससाठी पुन्हा अप्लाय नाही केलं.’

‘मीही नवी घेतली नाही. तू सांगितल्यावर घ्यायला हरकत नव्हती. एकदा दुकानात जाऊनही आलो. खांद्याला लावली आणि परत ठेवली.’

उल्हासला वाटलं होतं की निदान शिकार तरी त्याला परत मिळाली असेल. कोर्टाने आपल्याला तीन वर्षं दिली, आणि या माणसाने न केलेल्या चुकीसाठी स्वतःला उरलेलं आयुष्य देऊन टाकलं, हे त्याला तिथे, लोकांच्या गर्दीत समजलं. सॉरी म्हणायला तो वळला. लॉर्नने मान हलवली. तो शब्द त्याला नको होता.

समोर दोन करड्या घोड्यांना जुंपत होते. लॉर्न सांगू लागला की डावीकडचा आधी झटका देतो ते चूक आहे, दोघांनी एकदम जोर लावायला हवा. उल्हास ऐकत राहिला. लगाम ढिले झाले, घोड्यांनी माना खाली घातल्या, आणि सिमेंटच्या ठोकळ्यांनी भरलेली ती गाडी जमिनीवरून हातभर पुढे सरकली.