कॅमशाफ्ट ठरला तो दिवस

कॅमशाफ्ट म्हणजे काय, हे मला आमच्या ह्यांनी स्वयंपाकघरात शिकवलं. मी पोळ्या करत होते, आणि हे आले ते लाटणंच उचलून बसले. म्हणाले, समज ह्या लाटण्यावर अंड्याच्या आकाराचे बारा उंचवटे आहेत. लाटणं फिरलं की एकेक उंचवटा आपापला व्हॉल्व्ह ढकलून उघडतो, पुढे सरकला की व्हॉल्व्ह मिटतो. एकातून इंजिन श्वास घेतं, दुसऱ्यातून सोडतं. उंचवटा किती उंच आणि किती पसरट, त्यावर इंजिनाचा सगळा स्वभाव. मी म्हटलं, कळलं, लाटणं द्या आता, तवा तापलाय.

आता हे नाहीत, आणि कॅमशाफ्टवर बोलणारी बाई म्हणून माझी थट्टा करायलाही कोणी उरलेलं नाही, तेव्हा मीच सांगते.

ह्यांची नोकरी सरकारी कंपनीत, बदली झाली म्हणून आम्ही कोलकात्याला आलो, आणि निवृत्तीनंतर इथंच राहिलो. पुण्याला का नाही गेलात, असं सगळे विचारत. ह्यांचं उत्तर ठरलेलं. म्हणायचे, ह्या गावात अजून जुनी वस्तू फेकत नाहीत, उघडून बघतात. ते खरंच होतं. निवृत्तीनंतर त्यांनी सहा सिलिंडरची एक जुनी मोटार घेतली आणि बागबाजारच्या एका गॅरेजमध्ये नेऊन तिचं इंजिन पार सुटं केलं. तिथले मिस्त्री ह्यांच्याच वयाचे. दोघं मिळून आधी भांडायचे, मग चहा प्यायचे, मग काम. सिलिंडर मोठे केले, हेड घासून घेतलं, एका कार्ब्युरेटरच्या जागी तीन बसवले. राहिला फक्त कॅम, म्हणजे तो लाटण्यासारखा उंचवट्यांचा शाफ्ट.

ह्यांच्या मनात मोठा कॅम होता. नोकरीत असल्यापासूनचं स्वप्न म्हणा ना. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा, वरच्या वेगाला गाडीला नुसती उडवणारा. पण असल्या कॅमला खालच्या वेगात जीव नसतो. सिग्नलला उभी राहिली की गाडी गचके देते, जरा पाय हलला की बंद पडते, ब्रेकसुद्धा जड होतात, आणि धडधडाट तर गल्लीभर. ती सांभाळायला त्या गाडीची नस कळणारा माणूस लागतो. मी ह्या कॅमच्या साफ विरुद्ध होते. शेजारच्या माशीमा, म्हणजे इथल्या मावशी, दुपारच्या झोपतात, त्यांना काय सांगणार होतो आम्ही?

मग ह्यांच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं. फुप्फुसं आतून कडक होत जातात, आणि ती पुन्हा मऊ होत नाहीत, असं डॉक्टरांनी समजावलं. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. नाकाला नळी लागली. जिना उतरणं बंद झालं, आणि दोन शब्द बोलले की तिसऱ्यासाठी थांबावं लागायचं.

आणि मी, सांगते तुम्हाला, एकदम मोठ्या कॅमच्या बाजूची झाले. मिस्त्रींना फोन करकरून सांगायला लागले, मोठाच मागवा हं. कारण मोठा कॅम घातलेली ती गाडी ह्यांच्याशिवाय कुणालाच चालवता आली नसती. तो घालायचा म्हणजे हे चालवणार. हे चालवणार म्हणजे हे बरे होणार. माझं गणित एवढंच होतं.

शाफ्ट घासून देणारा माणूस दक्षिणेकडचा. त्याची एक पद्धत होती. फळीवरचा तयार माल तो कधी द्यायचा नाही. फोनवर सगळी चौकशी करायचा आणि मग त्या गाडीपुरता शाफ्ट घासायचा. त्या सकाळी मिस्त्री आमच्याकडे आले होते. फोन स्पीकरवर ठेवून पलंगावर मध्ये ठेवला. त्याचं हिंदी मिस्त्रींना समजेना आणि ह्यांना बोलवेना, म्हणून हे हळू सांगायचे आणि मी ते मोठ्यानं त्याला सांगायचे. कॉम्प्रेशन किती, कार्ब्युरेटर कुठले, मागच्या गिअरचं प्रमाण काय, ब्रेकला बूस्टर आहे का. मी पोपटासारखी सांगत होते. मिस्त्री गालात हसत होते. म्हणाले, ह्या बौदींना, वहिनींना, गॅरेजमध्ये ठेवून घेतो.

मग तो माणूस म्हणाला, "आखिरी बात, मॅडम. गाडी कौन चलाएगा? और कहाँ?"

मी लगेच म्हटलं, "साहब चलाएँगे."

ह्यांनी पलंगाच्या कडेवर बोटानं टकटक केलं. दम वाचवायचा म्हणून मला थांबवायची खूण ती. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू."

मी फोनवर हात ठेवला. म्हटलं, अहो, काहीतरीच काय, तुम्ही बरे झालात की तुम्हीच नेणार ना तिला.

"झालो बरा... तर बदलू. काढायचा, दुसरा घालायचा." मग बराच वेळ नुसता श्वास. "नाही झालो तर... श्यामबाजारच्या चौकात... तुझ्या हातात बंद पडायला नको."

"मला नकोय ती गाडी."

"मला हवीय. तू चालवायला." आणि फोनकडे हात केला. "सांग त्याला. तुझ्या तोंडानं."

मिस्त्रींना मराठी येत नव्हतं, पण ते उठून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पलीकडून तो माणूस हॅलो हॅलो करत होता. मी हात काढला. सांगितलं, मैं चलाऊँगी. रविवारी सकाळी बराकपूरपर्यंत, नदीच्या कडेनं. बाकीच्या दिवशी बाजार. उभी असताना बंद पडायला नको, ब्रेक हलके हवेत. हे मान हलवत होते, उजळणी बरोबर येणाऱ्या मुलाकडे बघून हलवावी तशी.

त्या बिचाऱ्याला काय माहीत? तो खूश झाला. म्हणाला, अच्छा किया मॅडम, छोटा ही देता हूँ, आराम से चलेगी.

शाफ्ट आला, बसला. नवा कॅम सुरुवातीला मंद चालवायचा नसतो, इंजिन बराच वेळ चढ्या वेगात ठेवून त्याला रुळवावं लागतं. ते सगळं मिस्त्रींनी गॅरेजमध्येच केलं आणि एका दुपारी गाडी आमच्या दाराशी आणली. आम्ही पहिल्या मजल्यावर. तोवर हे उठून बसणंही थांबलं होतं. मी खाली जाऊन स्वतः चावी फिरवली, मिस्त्रींना गाडीपाशी उभं केलं आणि वर येऊन खिडकी सताड उघडली.

हे म्हणाले, "सुरू कर की."

"सुरूच आहे हो."

त्यांनी कान दिला. ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं, त्यापलीकडचं काही येत नव्हतं. यंत्राकडे बोट करून म्हणाले, एक मिनिट. मी बंद केलं नाही. म्हटलं, मिस्त्रींना रेस करायला सांगते. तर हातानंच नको म्हणाले. रेस केल्यावर कुठलंही इंजिन ऐकू येतं, त्यात काय.

मग मीच सांगत बसले. बॉनेट उघडं आहे, मिस्त्रींनी इंजिनावर पाच रुपयांचं नाणं उभं करून ठेवलंय आणि ते पडत नाही, इतकं इंजिन न थरथरता चाललंय. त्यावर ह्यांच्या कपाळाला आठी.

"पाचाचं जाड असतं. ते राहणारच. दोनचं ठेव."

मी पर्समधून दोनचं शोधलं, खाली गेले. उभं केलं. पडलं. पुन्हा उभं केलं, तेव्हा राहिलं. मिस्त्री म्हणाले, दादांना सांगा. मी धापा टाकत वर आले आणि सांगितलं, राहिलं.

"मग वर कशाला आलीस?" हे म्हणाले. "जा ना... एक चक्कर मार."

मी जाते म्हटलं, पण पलंगाशी बसले. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. जा म्हणायचे, आणि सोडायचे नाहीत. असे आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे, दोघंही खिडकीकडे कान लावून. शेवटी मिस्त्रीच जिना चढून आले आणि त्यांनी चावी माझ्या हातात दिली. इंजिन त्यांनी केव्हाच बंद केलं होतं. आम्हा दोघांना ते कळलंही नव्हतं.