पाणी भरलेलं घर

एक घर विकत घ्यायचं, ते भाड्याने द्यायचं आणि त्यावर जगायचं असं मी ठरवलं, तेव्हा पुण्यातल्या माझ्या मुलाने फोनवर मला तेच वाक्य दोनदा म्हणायला लावलं. नवरा गेलेला, खाजगी शाळेतली नोकरी संपलेली, पेन्शन नाही, आणि बाईला या वयात इन्व्हेस्टर व्हायची हौस. त्याचं म्हणणं सरळ होतं: जुळे सोलापुरातला राहता फ्लॅट विकून टाक आणि आमच्याकडे ये. सुनेबद्दल माझी काही तक्रार नाही, नातीवर जीव आहे. पण दुसऱ्याच्या घरात चहा कधी टाकला जातो याची वाट बघत बसणं मला जमणार नव्हतं. शेवटी आमच्यात ठरलं. एक वर्ष. भाड्यावर माझं नीट भागलं तर मी सोलापुरात, नाहीतर बिऱ्हाड पुण्याला. मी मोठ्या तोऱ्यात कबूल केलं.

फंडाच्या पैशांतून शहराच्या पूर्व भागात दोन खोल्यांचं घर घेतलं. बैठं, शहाबादी फरशीचं, पुढे दार, मागे दार, मागे अरुंद बोळ. विणकरांची गल्ली. घरात पूर्वी हातमाग होता, विणकर पाय सोडून बसतो तो त्याचा खड्डा बुजवून वर फरशी बसवली होती, आणि तेवढा चौकोन बाकीच्या जमिनीपेक्षा थोडा फिकट दिसे. विकणारा माणूस सुरतेला निघाला होता. कागदावर एकट्याचंच नाव, व्यवहार स्वच्छ. सही करताना त्याने मान वर केली नाही, हे मला दिसलं होतं. मागच्या दाराचं जुनं कुलूप लाकडातच बसवलेलं होतं, आतून कडी नव्हती. त्याची चावी मागितली तर म्हणाला, "हरवली, मॅडम. ते दार उघडतच नाही." मला बरंच वाटलं. एक दार कमी म्हणजे एक काळजी कमी.

पहिलं बिऱ्हाड नवराबायकोचं आलं. दोघंही कारखान्यात कामाला. महिना दीड महिना गेला असेल, बायको माझ्याकडे आली. बसली, पाणी प्यायली आणि भांडं हातातच धरून राहिली.

"मॅडम, आमच्या घरात कोण पाणी भरतंय?"

सोलापुरात राहणाऱ्याला या प्रश्नाचं वजन सांगायला नको. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, कधी पहाटे, कधी ऐन दुपारी, आणि त्या दिवशी लग्नकार्यसुद्धा थोडं बाजूला सरकतं. ही दोघं कामावर असताना पाणी येऊन जायचं, आणि संध्याकाळी कुलूप काढून आत यावं तर घराबरोबरच आलेली पिंपं काठोकाठ. कळशी घासलेली, वर ताटली झाकलेली. उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं. चीजवस्तू जागच्या जागी.

मी हसले. म्हटलं, सोलापुरात आपोआप पाणी भरलं जाणारं घर मिळालंय, मी खरं तर भाडं वाढवायला हवं. ती हसली नाही. महिना संपताच त्यांनी घर सोडलं.

मग नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली आल्या. त्या आठवड्याभरातच घाबरल्या. पाणी भरलेलं असायचंच, शिवाय त्यातली एक म्हणाली की जमिनीचा तो फिकट चौकोन पाण्याच्या दिवशी पुसलेला असतो. फक्त तेवढाच. बाकीच्या फरशीवर धूळ असते. हे ऐकून मीही घाबरले, पण मालकिणीला ते दाखवून चालत नाही, म्हणून त्यांनाच चार शब्द सुनावले. मुली गेल्या. तिसरा भाडेकरू तर सामान न उतरवताच फिरला. गल्लीच्या तोंडाशी त्याला कुणी काय सांगितलं देव जाणे.

मी गल्लीत चौकशी केली. शेजारपाजारच्या बायका दारात विड्या वळत बसलेल्या असत. मी गेले की तेलुगूत चाललेलं बोलणं थांबायचं. "काय न्हाय की मॅडम. चांगलं घर हाय." एवढंच. सगळ्यांचं तेच वाक्य, आणि सगळ्यांची नजर मांडीवरच्या विड्यांच्या सुपात. मला खात्रीच पटली की या घरात कुणीतरी मेलेलं आहे आणि ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

वर्ष संपत आलं होतं. मुलगा काही विचारत नव्हता, आणि त्याचं न विचारणं मला जास्त लागत होतं. एका पाण्याच्या दिवशी मी नवं कुलूप पिशवीत टाकलं आणि त्या घरात जाऊन बसले. पुढच्या दाराला शेजारणीकडून बाहेरून कुलूप लावून घेतलं, घर रिकामं दिसावं म्हणून. तिने लावलं, पण माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नको ते करतेय.

एप्रिलची दुपार. बाहेर माणूस तर नाहीच, कुत्रंही नव्हतं. लांबून कुठल्यातरी यंत्रमागांची खडखड येत होती, तीही बंद पडली, लाइट गेली असणार. मी स्वयंपाकघराच्या दाराआड स्टुलावर बसले होते. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता. न्हाणीत नळाने आधी हवा सोडली, मग धार लागली. आणि त्याच क्षणी मागच्या दारात चावी फिरली. न उघडणारं दार आवाज न करता उघडलं. कुणीतरी त्याला नेमाने तेल घालत होतं.

आत एक म्हातारी आली. पायात चप्पल नाही, पदर खोचलेला, केस पांढरे आणि ओले. माझ्यापासून दोन हातांवरून गेली, पण तिने मला पाहिलं नाही. कळशी घासली, पिंपं भरली, ताटली झाकली. फडकं पिळून तो फिकट चौकोन पुसला. मग त्याच्या कडेला भिंतीला टेकून बसली आणि तिचे हात सुरू झाले.

उजवा हात गोल फिरत होता. डाव्याची दोन बोटं हवेत काहीतरी ओढत लांब जायची, परत यायची. मध्येच दोन्ही हात थांबले. तिने बोटं जिभेला लावली, तुटलेलं काहीतरी जोडलं, गाठ दातांनी आवळली आणि हात पुन्हा फिरू लागला. विणकराच्या घरात मागाला लागणारं सूत कांड्यांवर भरणं हे बायकांचं काम. ती कांड्या भरत होती. समोर रहाट नव्हता, सूत नव्हतं, माग नव्हता. मी खूप घाबरले होते. ती जिवंत आहे हे मला कळत होतं, तरी भीती जात नव्हती.

माझं स्टूल करकरलं. तिने मान वळवली, डोळे बारीक केले. मोतीबिंदू पिकलेले डोळे.

"कोन हाय? भाडेकरू व्हय?"

मी स्टुलावरून उठून भिंतीला पाठ लावली.

"भिऊ नका. घर माजंच हाय. पोरगा सुरतेला गेला, भाड्यानं दिलंय म्हनला. चावी माज्यापाशी ठेवलीया. मी लेकीकडं ऱ्हाते, पलीकडच्या गल्लीत. तुमाला कामाला जावं लागतंय, पानी कोन भरनार, म्हनून येते." मग जरा कडक आवाजात म्हणाली, "भिंतीला खिळं मारू नका. पोरगा आला की खाली करावं लागंल."

तर ही गोष्ट साऱ्या गल्लीला ठाऊक होती. मुलाने घर विकलं आणि आईला सांगितलं, भाड्याने दिलंय. महिन्याला भाडं म्हणून थोडे पैसे तो पाठवतो, हे मला नंतर कळलं. गल्लीने ते खोटं आपसांत वाटून घेतलं होतं, आणि माझ्यासारख्या बाहेरच्या बाईकडून ते फुटू नये म्हणून सगळ्याजणी सुपात बघत होत्या.

मालक मी होते. खरेदीखत माझ्या कपाटात होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य बोलले असते तर कुलूप बदलून चार दिवसांत चांगलं बिऱ्हाड आलं असतं.

"हो अम्मा," मी म्हटलं. "भाडेकरूच."

त्या संध्याकाळी मी मुलाला फोन केला. सांगितलं की भाडेकरू टिकत नाहीत, वर्ष संपलं, तू जिंकलास. त्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं. तो चांगला मुलगा आहे. मला समजावत म्हणाला,

"आई, तुला विकायचं जिवावर येतं ना? मग फ्लॅट विकायचाच नाही. भाड्याने देऊ नुसता. चावी तुझ्यापाशीच ठेव. कधी वाटलं तर जाऊन बघून ये."

मी विचारलं, "कागदांवर सही कोण करणार?"

"मी बघतो गं सगळं. तू कशाला त्रास घेतेस?"

तो मला फसवत नव्हता. सुरतेच्या त्या माणसालाही पहिल्या दिवशी फसवायचं नसेल. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हटलं, मी येणार नाही.

पुढच्याच महिन्यात आमचा फ्लॅट मी बँकेत नोकरी करणाऱ्या एका माणसाच्या कुटुंबाला भाड्याने दिला. करार मीच वाचला, सही मीच केली. भाडं वेळेवर येतं, माझं भागतं. मी पूर्व भागातल्या दोन खोल्यांत राहायला गेले. मागच्या दाराला मी आतून कडी बसवली आहे, पाण्याच्या दिवशी ती आधीच काढून ठेवते. अम्मा येते, पिंपं भरते, चौकोन पुसते, बसून हात फिरवते. मी त्या वेळात भांडी वाजू देत नाही. जाताना ती दारात थांबते आणि दर वेळी तेच विचारते.

"खाली कवा करताय बाई? पोरगा दिवाळीला येतोय."

"अजून थोडे दिवस राहू द्या, अम्मा," मी म्हणते. ती माझ्याकडे बघत विचार करते, आणि तिचं उत्तर येईपर्यंत मला खरोखरच भीती वाटत असते.